बोटीवरचे दोन रिकामे दिवस

आई तिला शेवटपर्यंत क्रूझ म्हणाली नाही. तिच्या लेखी ती बोटच. "बोटीत जेवण तिकिटातच आहे ना?" हा तिचा पहिला प्रश्न आणि "मधे कुठे कुठे लागते?" हा दुसरा.

मधे कुठेच लागत नव्हती. मुंबईहून संध्याकाळी सुटायचं, दुसरा अख्खा दिवस पाणी, तिसऱ्या दिवशी सकाळी लक्षद्वीपचं अगत्ती बेट, संध्याकाळी तिथून निघालं की चौथा दिवस पुन्हा पाणी. अगत्तीच्या निळ्या लगूनचे फोटो एव्हाना सगळ्यांनी पाहिलेत, म्हणून ते इथे टाळते. मला लिहायचंय ते त्या दोन कोऱ्या दिवसांबद्दल. तिकीट काढताना मला त्यांचीच धास्ती होती. दिवसभर पाण्याकडे बघत बसायचं म्हणजे माणूस करणार काय?

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिचं माहेर विजयदुर्गच्या आत, वाघोटण खाडीच्या काठी. लग्नानंतर मुंबईहून माहेरी जायचं ते भाऊच्या धक्क्यावरून बोटीने. डेकवर वळकटी पसरायची आणि हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी करत करत विजयदुर्ग गाठायचं. बऱ्याच बंदरांत बोट धक्क्याला लागायचीच नाही. ती खोल पाण्यात उभी राहायची, पडाव (लहान होड्या) यायचे आणि खलाशी माणसं, पोरं, ट्रंका सगळं त्यात उतरवून घ्यायचे. पावसाळ्यात बोटी बंद. हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आलेय आणि म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी ऐकतात तसंच, म्हणजे अर्ध्या कानाने.

जानेवारीतल्या एका दुपारी बॅलार्ड पिअरला आई, मी आणि माझी लेक अशा तिघी बोटीत चढलो. सुटण्याआधी सगळ्यांना गोळा करून आणीबाणीची तालीम घेतात. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज झाले की आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं, लाइफ जॅकेट असं बांधायचं, वगैरे. अर्धे लोक सेल्फी काढत होते. आई मात्र कान देऊन ऐकत होती आणि जॅकेटच्या पट्ट्या तिने दोनदा बांधून पाहिल्या. आमच्याकडे जुन्या माणसांत 'रामदास' बोटीचं नाव अजून दबक्या आवाजात घेतात. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावस्येच्या दिवशी, ती मुंबईहून रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आई त्या वेळी जेमतेम जन्मलेली, पण तिच्या आईने ती भीती तिच्या हातात दिली होती.

उजव्या हाताला कुलाब्याचं प्राँग्स दीपगृह मागे पडलं, डावीकडे खांदेरी-उंदेरी आले. बोट बंदराबाहेर काढून देणाऱ्या पायलटला घ्यायला आलेली छोटी बोट आमच्या बोटीला चिकटून पळत होती. तो दोरीच्या शिडीने उतरला आणि हात हलवून गेला. इथवर मी खूष होते.

रात्री दहाच्या सुमाराला मला बोट लागली.

इथे माझी चूक सांगायलाच हवी, कारण ती पैसे वाचवताना झाली. आतली, बिनखिडकीची केबिन स्वस्त मिळाली म्हणून घेतली, आणि ती होती वरच्या मजल्यावर, पार नाकाशी. बोट लाटेवर झुलते ती ढेकीसारखी. टोकं सगळ्यात जास्त वर-खाली होतात, मध्य सगळ्यात कमी. म्हणून केबिन घ्यावी ती खालच्या मजल्यावर आणि मधोमध. बोटीच्या पोटाला दोन्ही बाजूंनी माशाच्या परांसारखे पंख असतात, ते डावं-उजवं डोलणं बरंच आवरतात. पण नाक वर-खाली होतं त्यावर त्यांचा फारसा इलाज नाही. समुद्र तसा शांत होता, फक्त लांब, संथ लाट होती. डोळ्यांना चार स्थिर भिंती दिसत होत्या आणि कानातला तोल सांगत होता की आपण पाळण्यात आहोत. दोघांचं पटेना. उलटीची गोळी माझ्याकडे होती, पण ती आधी घ्यायची असते, हे ज्ञान उशिरा झालं.

"उठ गो, वर चल. आत पडून राहशील तर आणखी होईल," म्हणत आईने मला डेकवर नेलं, आलेपाकाची वडी तोंडात घातली आणि दूर दिसणाऱ्या मच्छीमार बोटीच्या दिव्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तो दिवा सोडू नको." पाऊण तासाने मी माणसात आले. लेक खाली गाढ झोपली होती. तिला काही म्हणता काही झालं नाही.

सकाळी दाराखाली दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेचा कागद सरकवलेला. सात वाजता योगासनं, नऊला नाच शिकवणी, दहाला भाज्यांवर नक्षीकाम, अकराला हाउझी, असं करत रात्री बारापर्यंत. मी पेन घेऊन त्यावर खुणा केल्या. मोकळा दिवस दिसला की भरून टाकायचा, ही आपली बँकेतली सवय. योगासनं केली. नाचालाही गेले. हाउझीच्या रांगेत उभी असताना लक्षात आलं, की अकरा वाजले तरी मी अजून समुद्राकडे नीट पाहिलेलंच नाही. पूलच्या बाजूच्या खुर्च्यांवर सकाळपासून टॉवेल टाकून ठेवलेले होते, माणसांचा पत्ता नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी आपली जात बोटीवरही ओळखू येते.

आई कुठे, तर खालच्या मजल्यावर बोटीला वळसा घालणाऱ्या फिरायच्या डेकवर. तिथे ना गाणी ना खुर्च्यांची मारामारी. कठड्याशी बसून ती लसूण सोलावा तशी शेंगा सोलत होती (शेंगा घरून आणलेल्या, सुरक्षा तपासणीतून कशा सुटल्या देव जाणे). मला बघून म्हणाली, "पाणी बघितलंस? रंग बदलला."

खरंच बदलला होता. काल मुंबईच्या बाहेर गढूळ चहासारखं, मग हिरवट, आणि आता शाईसारखं निळं. मुंबईसमोर समुद्राचा तळ फार लांबवर उथळ असतो. खाड्यांचा गाळ आणि भरती-ओहोटी मिळून पाणी ढवळत राहतात. दक्षिणेला ती उथळ पट्टी अरुंद होत जाते. रात्रीतून आम्ही तिच्या कडेवरून पलीकडे गेलो होतो आणि आता खाली हजार मीटरहून जास्त पाणी होतं. तेवढ्यात बोटीच्या नाकाजवळून उडत्या माशांचा थवा फुटला. ते पंख हलवत नाहीत. शेपटीने पाणी मारून निघतात आणि पर पसरून नुसते तरंगत जातात, लाटेच्या अंगाअंगाने, चांगले पन्नासेक पावलं. मी हाउझीला परत गेले नाही.

"कुठवर आलो?" आईने विचारलं. मी फोन काढला. फोनची गोष्ट मात्र नीट ऐका. किनाऱ्याचं नेटवर्क सुटलं की फोन आपण होऊन बोटीवरच्या उपग्रहाच्या नेटवर्कला चिकटतो आणि त्याचे दर आपल्या पॅकमध्ये बसत नाहीत. लेकीने पहिल्या रात्री फोन तसाच ठेवला, तिचं नंतर आलेलं बिल ती मला दाखवायला तयार नाही. तेव्हा निघतानाच फ्लाइट मोड. जीपीएसला नेटवर्क लागत नाही. नकाशा आधी उतरवून ठेवला की तुमचा निळा ठिपका समुद्राच्या मधोमध इमानदारीने सरकत राहतो.

बारा वाजता ठिपका गोकर्णच्या अक्षांशावर होता. म्हणजे रात्री दीडच्या आसपास आपण रत्नागिरीसमोरून गेलो, तीनच्या पुढे विजयदुर्गावरून. "आणि मला उठवलं नाहीस?" आई म्हणाली. मी सांगितलं, की उठून काहीही दिसलं नसतं. डेक पाण्यापासून तीस मीटर उंच धरला तरी क्षितिज जेमतेम वीस किलोमीटरवर असतं आणि बोट किनाऱ्यापासून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर आत चालली होती. आईने हिशोब ऐकून घेतला. "दिसायला कशाला पाहिजे?" एवढंच म्हणाली.

त्यानंतर दिवस कसा गेला याचा हिशोब देता येत नाही, हीच त्याची खूण. कार्यक्रमाच्या कागदाच्या पाठीवर मी दर तासाला अक्षांश-रेखांश लिहायला लागले. होन्नावर गेलं, भटकळ गेलं. न दिसणाऱ्या गावांची ती यादी वाचताना आई एकेका ठिकाणची माणसं आठवायची. इतकं पश्चिमेला आल्यावर सूर्य माथ्यावर यायला घड्याळात पाऊण वाजून जातो, हे कठड्याची सावली बघून कळलं. आपली प्रमाणवेळ पार पूर्वेकडच्या रेखांशाची, त्यामुळे इथे घड्याळ पुढे आणि ऊन मागे. दुपारी बोरिवलीच्या एका काकूंना गळ घालून मेंढीकोट मांडला. चौथा भिडू हवाच होता. चहा आणणारा मुलगा गोव्याचा, सासष्टीचा. त्याचे आजोबा आणि वडील दोघेही तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे. आई त्याच्याशी मालवणीत बोलायची, तो कोंकणीत उत्तर द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशीपासून आमच्या टेबलावर कोकमाची कढी न मागता यायला लागली.

रात्री दहानंतर पुढच्या बाजूच्या वरच्या डेकवर जा. तिथले दिवे कमी असतात. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश झाकते. ध्रुव क्षितिजापासून जितका वर, तितका आपला अक्षांश, शाळेत पाठ केलेलं. मुंबईहून निघताना तो दोन मुठींना जरासा कमी होता. आता एका मुठीच्या थोडा वर, क्षितिजाच्या धुरकट पट्ट्यात लुकलुकत होता. आणि दक्षिणेला, व्याधाच्या खाली, अगस्त्य उंच चढत होता. जीपीएस बघून जे कळलं होतं, ते हाताच्या मुठीने कळलं तेव्हा अंगावर काटा आला. लेकीने तिसऱ्यांदा मोजून पाहिलं, मग कॅसिनोत जायचा बेत तिने स्वतःच रद्द केला.

अगत्तीला बोट प्रवाळाच्या कड्याबाहेर खोल पाण्यात थांबते आणि लहान होड्यांतून बेटावर नेतात. उतरायच्या दाराशी गर्दी घाबरून उभी होती, होडी हातभर वर-खाली होत होती. आई पुढे झाली, साडीचा ओचा खोचला, दोन लाटा जाऊ दिल्या आणि तिसऱ्या लाटेने होडी वर आणली त्या क्षणी अशी पाऊल टाकती झाली, जशी घरच्या उंबऱ्यावरून ओसरीवर उतरावं. "पडाव," ती मागे वळून मला म्हणाली, बस.

परतीच्या समुद्रदिवशी मी कागदावर एकही खूण केली नाही. सकाळी झोप काढली, ती चांगली, कारण लाट आता नाकावर न येता मागून येत होती. दुपारी पुन्हा पत्ते. बोरिवलीच्या काकूंनी आम्हाला दोनदा कोट दिला.

संध्याकाळी मी मुद्दाम हिशोब करून ठेवला होता. सातला पाच कमी असताना आईला उजवीकडच्या डेकवर नेलं, येताना किनारा उजव्या हाताला म्हणून. अंधार पडलेला. दूरवर मच्छीमार बोटींच्या पांढऱ्याशुभ्र दिव्यांची एक सैल ओळ, त्यापलीकडे काही नाही. फोनवर सोळा अंश तेहतीस मिनिटं झाली तशी मी म्हटलं, "आलं बघ. सरळ समोर विजयदुर्ग."

आईने कठडा धरला. बराच वेळ बघत राहिली.

"या वेळी खलाशी हाका मारायचे," ती म्हणाली. "सामान धरा, पोरं धरा म्हणून." मग पदर आवरत, "चल, साडेआठला बुफे बंद होतो. त्या पोराने आज सोलकढी ठेवतो म्हणून सांगितलंय."