जावाची पहिली असाइनमेंट: मदत करा, फाइल पाठवू नका

सबमिशनच्या आठवड्यात ठाणे-वाशी लोकलच्या डब्यात कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर लॅपटॉप उघडलेला असतोच. "तुझा रन होतोय ना? मग पाठव की." फाइल व्हॉट्सॲपवर जाते, व्हेरिएबलची नावं बदलतात, जर्नलवर सही होते. मग व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, कुणी विचारतं, "ही ओळ काढली तर काय होईल?" आणि घेणारा गप्प. म्हणून ही पोस्ट अडलेल्यासाठी कमी आणि ज्याचा प्रोग्रॅम चालतोय त्याच्यासाठी जास्त आहे.

जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली असाइनमेंट नेहमीचीच धरू. पाच विद्यार्थी, प्रत्येकाचं नाव आणि तीन विषयांचे 100 पैकी गुण. एकूण, टक्केवारी आणि श्रेणी छापायची: 75 पासून डिस्टिंक्शन, 60 पासून फर्स्ट क्लास, 40 पासून पास. जेमतेम साठ ओळींचं काम, पण नवशिक्याच्या जवळजवळ सगळ्या चुका त्यात बसतात.

(कोडचे तुकडे इथे देवनागरीत लिहिलेत. फॉर, इंट, इफ असे शब्द टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करायचे. व्हेरिएबलचं नाव मात्र जावाला मराठीतही चालतं. 'एकूण' नावाचा इंट, म्हणजे पूर्णांक ठेवणारा व्हेरिएबल, बिनतक्रार कंपाइल होतो, म्हणजे मशीनला चालवता येईल अशा रूपात बदलतो, फक्त फाइल यूटीएफ-8 या एन्कोडिंगमध्ये सेव्ह हवी. जेडीके, म्हणजे जावाचं सॉफ्टवेअर, 18 च्या आधीचं असेल तर विंडोजवर जावासीला, म्हणजे कंपाइल करणाऱ्या प्रोग्रॅमला, ते एन्कोडिंग वेगळं सांगावं लागतं. मॅडमना चालेल का, हा वेगळा विषय.)

पहिला नियम: कीबोर्ड त्याच्याच हातात राहू द्या. तुम्ही टाइप करायला लागलात की तो बघत बसतो, आणि बघून कुणाला कोड येत नाही. दुसरा नियम: एररचा फोटो मागवलात तर सगळ्यात वरच्या एररचा मागवा. लोक स्क्रीनच्या तळाचा फोटो पाठवतात, त्यात "23 एरर्स" एवढंच दिसतं. एक महिरपी कंस सुटला की खालच्या धडधाकट ओळींवरही जावा बोंब मारते. वरचा एरर सुधारायचा, पुन्हा कंपाइल करायचं, मग पुढचा बघायचा. तेवीसचे बऱ्याचदा दोनच उरतात.

काही एरर वाचूनच ओळखता यायला हवेत. "रीच्ड एंड ऑफ फाइल व्हाइल पार्सिंग" म्हणजे शेवटचा कंस राहिला. "कॅनॉट फाइंड सिम्बॉल" आला तर आधी स्पेलिंग आणि कॅपिटल-स्मॉल बघा. सिस्टिममधला एस स्मॉल पडला तर मात्र "पॅकेज सिस्टिम डझ नॉट एक्झिस्ट" असं भलतंच उत्तर येतं, कारण डॉटच्या आधीचं ते नाव जावा पॅकेजचं समजते. "इल्लीगल कॅरेक्टर" बहुधा वर्ड किंवा पीडीएफमधून कोड चिकटवल्यामुळे येतो. तिथली अवतरणचिन्हं वळणदार असतात, जावाला सरळ लागतात. क्लास पब्लिक असेल तर फाइलचं नाव अक्षरशः तेच हवं. नोटपॅडमध्ये लिहिणाऱ्यांची फाइल गुपचूप 'मार्कशीट डॉट जावा डॉट टीएक्सटी' झालेली असते, तेव्हा विंडोजमध्ये एक्स्टेन्शन दाखवण्याची सेटिंग आधी चालू करून घ्या.

आता स्कॅनर, म्हणजे कीबोर्डवरून इनपुट वाचणारा जावाचा भाग. इथे सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून मदत करणाऱ्याला हे नीट समजावता आलं पाहिजे. नाव नेक्स्टलाइनने (पूर्ण ओळ वाचतो), गुण नेक्स्टइंटने (एक पूर्णांक वाचतो) घेतले. पहिल्या विद्यार्थ्याचं सगळं सुरळीत होतं. दुसऱ्याच्या वेळी नाव न विचारल्यासारखं प्रोग्रॅम थेट गुणांवर उडी मारतो. मुलगा तिथे नाव टाइप करतो आणि "इनपुट मिसमॅच एक्सेप्शन" येऊन सगळं कोसळतं. कारण साधं आहे. तुम्ही 83 टाइप करून एंटर दाबता. नेक्स्टइंट 83 उचलतो, एंटर तिथेच पडून राहतो. पुढचा नेक्स्टलाइन एंटरपर्यंतचं वाचतो, त्याला लगेच तो पडलेला एंटर सापडतो आणि रिकामं नाव घेऊन तो मोकळा होतो. एकाच विद्यार्थ्यावर तपासलं तर ही चूक कधीच दिसणार नाही.

उपाय दोन. तिसऱ्या विषयाच्या नेक्स्टइंटनंतर एक नुसता नेक्स्टलाइन टाकायचा, तो एंटर गिळतो. किंवा सगळंच नेक्स्टलाइनने घेऊन गुणांना इंटीजर डॉट पार्सइंट (मजकुराचा आकडा करतो) लावायचा, सोबत ट्रिम (कडेच्या स्पेस काढतो), नाहीतर 83 च्या मागे चुकून स्पेस पडली की "नंबर फॉरमॅट एक्सेप्शन". मला दुसरा उपाय जास्त पटतो, पण तिन्ही गुण एकाच ओळीत "84 84 83" असे द्यायचे असतील तर पहिलाच बरा. नेक्स्टलाइनऐवजी नुसता नेक्स्ट वापरून सुटका करून घेणारेही भेटतात. "स्वाती जोशी" टाइप केलं की स्वाती नावात जाते, जोशी गुणांत अडकते.

टक्केवारीत गंमत आहे. एकूण 251 आले, मुलाने लिहिलं: टक्के = एकूण / 300 * 100. उत्तर 0. टक्के 'डबल' या दशांशवाल्या प्रकारचं केलं तरी 0.0, कारण उजवी बाजू आधी सुटते आणि दोन इंटांचा भागाकार इंटच राहतो: 251 भागिले 300 म्हणजे शून्य, त्याला शंभरने गुणलं तरी शून्य. 300 पैकी 300 किंवा शून्य मिळवणाऱ्याचंच उत्तर बरोबर येईल! एकूण * 100 / 300 केलं तर 83 येतं, अपूर्णांक तरीही जातो. एकूण * 100.0 / 300 केल्यावर 83.67 च्या आसपास येतं. इथे उत्तर सांगून टाकू नका. "251 भागिले 300 चं उत्तर वेगळं छापून बघ" एवढंच म्हणा. शून्य स्वतःच्या डोळ्यांनी दिसला की 100.0 मधला तो पॉइंट शून्य का, हे व्हायवाला पाठ करावं लागत नाही.

श्रेणीत क्रम बिघडतो. वरच्या इफमध्ये 40 ची अट आणि खालच्या एल्स-इफमध्ये 75 ची, मग 92 टक्केवालाही "पास". दुसरी खोड म्हणजे इफच्या कंसानंतर लगेच अर्धविराम. त्याने अट तिथेच संपते आणि पुढचा ब्लॉक सगळ्यांसाठी चालतो. फॉरच्या (लूपच्या) पुढे तसाच अर्धविराम पडला तर आतला आय, म्हणजे फेऱ्या मोजणारा व्हेरिएबल, सापडत नाही म्हणून निदान एरर तरी येतो. मागे एल्स नसेल तर इफचा अर्धविराम काही न बोलता चुकीचं उत्तर देतो. हो, आणि स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, == ने तपासू नका, इक्वल्स वापरा. कोडमध्येच लिहिलेल्या दोन सारख्या स्ट्रिंगांना == बरोबर उत्तर देतं, म्हणून घरी चालतं. कीबोर्डवरून आलेल्या नावाला देत नाही.

ॲरेचा, म्हणजे एका नावाखालच्या यादीचा, घोळ समजवायला ठाणे-वाशीच्या ट्रान्स-हार्बर लाइनसारखं उदाहरण नाही. ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. स्टेशनं नऊ, पण क्रमांक शून्यापासून, म्हणजे ठाणे 0 आणि वाशी 8. फॉर (इंट आय = 0; आय <= 9; आय++) लिहिलं की गाडी वाशीच्याही पुढे निघते: "इंडेक्स 9 आउट ऑफ बाउंड्स फॉर लेंग्थ 9". आणि दोन स्टेशनांमधली अंतरं मोजायची असतील तर ती आठच, त्यामुळे तिथे आय < स्टेशन्स.लेंग्थ - 1. दिघा गाव स्टेशन 2024 मध्ये सुरू झालं. त्याआधी कुणी कोडमध्ये 8 असा आकडा ठोकून ठेवला असता, तर तेव्हापासून त्याच्या यादीत वाशी आलीच नसती. लेंग्थ का वापरायची, ते यातून डोक्यात बसतं.

अडलेला तरी अडलेलाच राहिला तर लॅपटॉप मिटा आणि वहीचं मागचं पान काढा. रकाने पाडा: आय, नाव, गुण, एकूण. एकेक ओळ त्याला मोठ्याने वाचायला लावा आणि रकाने भरून घ्या. दुसऱ्या विद्यार्थ्याच्या ओळीत एकूण 251 वरूनच पुढे वाढायला लागला की तो स्वतःच म्हणतो, "अरे, शून्य केलंच नाही." 'इंट एकूण = 0' लूपच्या बाहेर राहिलेलं असतं.

लॅबमध्ये एक वेगळंच संकट येतं. घरी जेडीके 21, कॉलेजात 8. घरून आणलेली क्लास फाइल (कंपाइल होऊन तयार झालेली) चालवली की "अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर", सोबत 65.0 आणि 52.0 हे आकडे. त्यातून 44 वजा करा: 65 म्हणजे जावा 21, 52 म्हणजे 8. पेनड्राइव्हवर क्लास फाइल नको, डॉट जावा फाइल न्या आणि तिथेच कंपाइल करा.

सबमिशनच्या आधी हे इनपुट देऊन बघायला सांगा: तिन्ही शून्य, तिन्ही 100, तिन्ही 40 आणि तिन्ही 39, म्हणजे सीमा कळते, आडनावासकट नाव, आणि पाचच्या पाच विद्यार्थी, एकावर भागवायचं नाही. जर्नलमध्ये चिकटवायचं आउटपुट शेवटच्या बदलानंतर पुन्हा काढा. कोडमध्ये 100.0 आणि छापील आउटपुटमध्ये मात्र 83, हे तपासणाऱ्याला पहिल्या नजरेत दिसतं.