आईच्या उशाशी फोन: दोन नवे पॉइंट आणि अकरा दिवस

चिपळूणजवळच्या आमच्या घरी फोन ओटीवर आहे. खांबावरून आलेली काळी वायर दाराच्या चौकटीवरच्या छोट्या पांढऱ्या खोक्यात उतरते, लाइनमन त्याला रोझेट म्हणतात, आणि तिथून फोनला जाते. आई माजघरात झोपते. गुडघ्यांमुळे ती ओटीवर पोचेपर्यंत फोन बंद होतो. मोबाईलची रेंज आमच्या वाडीत नाही, त्यासाठी वर सड्यावर, डोंगरावरच्या कातळाच्या पठारावर, जावं लागतं. म्हणून 2016च्या मे महिन्यात मी दोन नवे पॉइंट काढून घेतले, एक माजघरात आईच्या उशाशी, एक माडीवर. गावातल्या वायरमनने अर्ध्या दिवसात काम संपवलं. तिन्ही फोन वाजले. मी ठाण्याला परत आले.

जूनच्या मध्यावर आईचा फोन आला. शब्दांपेक्षा खरखरच जास्त. "एकदाच वाजतो गो, नि गप्प होतो. उचलला तर कोणी नाही." मी उलट फोन लावला तर एंगेज. दिवसभर एंगेज. ऐंशीच्या घरातली बाई, बाहेर धो धो पाऊस, आणि घरची एकमेव फोनलाईन अशी. दुसऱ्या दिवशी पहाटेच मी निघाले.

आता जे लिहिते आहे ते आजही आठवलं की रक्त तापतं.

तक्रार सड्यावरून, छत्री धरून नोंदवली. संध्याकाळी पुन्हा सड्यावर गेले तेव्हा मोबाईलवर संदेश होता, तक्रार निवारण झाली. घरी कोणी आलं नव्हतं. पुन्हा नोंदवली, पुन्हा तोच संदेश. तिसऱ्यांदाही तेच. मग एसटीने तालुक्याच्या टेलिफोन कार्यालयात गेले. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे लाईन ओके दाखवतेय." मी म्हटलं, "तुम्ही आत्ता लावून बघा." त्यांनी लावला. त्या दिवशी दुपारी ऊन पडलं होतं, फोन वाजला, आईने उचललाही. माझ्या हातात काहीच उरलं नाही.

त्या उघडीपीतच कारण होतं, पण ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. त्यांनी माझ्यासमोर लाईन तपासली ती दिवसा, उन्हात. आमचा दोष जागा व्हायचा तो रात्रभराच्या पावसानंतर.

दुसऱ्या खेपेला अर्ज लिहून नेला, तर बिलाची प्रत मागितली. प्रत नेली तेव्हा साहेब नव्हते, गुरुवारी या म्हणाले. गुरुवारी साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात जादा पॉइंट घेतलेत का?" हो म्हटल्यावर फाईल मिटली. "मग तो तुमचा अंतर्गत दोष." मी विचारलं, अंतर्गत आहे की बाहेरचा हे ठरवायचं कोणी आणि कसं? उत्तर आलं नाही. मी तिथून हलले नाही, तेव्हा कुठे लाइनमन पाठवायचं कबूल झालं.

नवव्या दिवशी तो आला, भिजून चिंब. रोझेटचं झाकण उघडलं, घरात जाणाऱ्या वायरी सोडवल्या आणि आपला फोन थेट आतल्या दोन स्क्रूंना लावला. आवाज खणखणीत, खरखरीचा मागमूस नाही. "ताई, इथपर्यंत आमचं. पुढचं घरचं." पाच मिनिटं लागली. फक्त पाच मिनिटं! हे पहिल्याच तक्रारीच्या वेळी त्यांना मला फोनवर सांगता आलं असतं: खोका उघडा, घरच्या वायरी सोडवा, एक चांगला फोन थेट लावून ऐका. मी ते त्याच संध्याकाळी केलं असतं. त्याऐवजी नऊ दिवस, एसटीच्या चार फेऱ्या आणि आईचा जीव टांगणीला.

लाइनमनवर माझा राग नाही. जाताना रेनकोट चढवताना तोच म्हणाला, "एकेक वायर जोडून बघा ताई, एकदम सगळ्या नको." पुढचं सगळं काम त्या एका वाक्यावर झालं.

वायरी सोडवायच्या आधी फोटो काढून ठेवा. मी काढला नव्हता, नंतर कुठली वायर कुठली हे शोधण्यात एक तास गेला.

चिपळूणहून व्होल्ट आणि रोध मोजायचा अडीचशे रुपयांचा मल्टिमीटर आणला. फोन ठेवलेला असताना लाईनवर साधारण 48 ते 50 व्होल्ट डीसी असतात. कुठलाही रिसीव्हर उचलला की ते एकदम खाली येतात, त्यामुळे मोजताना सगळे रिसीव्हर जागेवर हवेत. नुसत्या खोक्यावर माझ्याकडे 50 आले. माडीची वायर जोडली, 50च राहिले. माजघराची जोडली आणि आकडा 41वर आला, तोही हलत होता. मग ती वायर दोन्ही टोकांनी मोकळी करून तिच्या दोन तारांमधला रोध मोजला. मोकळ्या वायरीत तो मोजताच येऊ नये इतका असायला हवा. इथे पाच-सहा हजार ओहम दाखवत होता. म्हणजे तारांमधून विद्युतप्रवाह झिरपत होता. घंटा वाजायला लागली की या गळतीमुळे एक्स्चेंजला वाटायचं, कोणीतरी फोन उचलला. म्हणून एक घंटा आणि मग शांतता. गळती आणखी वाढली की फोन उचलूनच ठेवल्यासारखं व्हायचं, म्हणून बाहेरच्यांना एंगेज.

एक सावधगिरी आधीच सांगायला हवी होती. उघड्या तारांना हात लावण्याआधी खांबाकडून येणारी वायर खोक्यातून सोडवा आणि तिची टोकंही उघडी ठेवू नका. पन्नास व्होल्ट कोरड्या हाताला फारसे जाणवत नाहीत, पण नेमका त्याच वेळी कोणाचा फोन आला तर घंटेची एसी 75 व्होल्टच्या आसपास असते आणि ओल्या हाताला चांगलाच झटका बसतो. विजा चमकत असतील तर कामाला हातच लावू नका, वायर खांबावरून आलेली आहे.

माजघराची वायर पडवीच्या पश्चिमेच्या भिंतीवरून नेली होती. भिंत चिऱ्याची, पावसाळ्यात पाणी पिऊन फुगलेली. खिळ्याच्या प्लास्टिक क्लिपा मी एकेक करून बॅटरीच्या उजेडात तपासल्या. तुळशीकडच्या कोपऱ्यात एक खिळा तिरका गेला होता, चपट्या वायरीच्या बरोबर मधून. उपटला तर आत तांब्यावर हिरवा गंज. मे महिन्यात कोरड्या भिंतीवर त्या जखमेने काहीच केलं नव्हतं.

तिथे जोड द्यायचा मोह झाला होता. दिला नाही. ओल्या भिंतीवरचा जोड पुढच्या पावसाळ्यात पुन्हा बोलणार. अकराव्या दिवशी नवी वायर आतून, तुळईच्या कडेने नेली. खिळे नाहीत, सुताच्या दोरीने बांधली. विजेच्या वायरींपासून हातभर लांब ठेवली, नाहीतर फोनमध्ये गुणगुण येते. आणि बाहेरची वायर खोक्यात शिरण्याआधी तिला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं, खोक्यात जात नाही.

त्या संध्याकाळी सड्यावरून फोन लावला. चार घंटा वाजल्या. मी मोजल्या. पाचव्याला आई म्हणाली, "उशाशीच हाय, पण चष्मा शोधत होते." मला तिथेच दगडावर बसावं लागलं.

राहिलेल्या दोन गोष्टी. नवा जॅक, म्हणजे फोनची पिन खुपसायची खाच, पूर्ण मुका असेल तर चार पिनांपैकी मधल्या दोन पिनांना वायर आहे का ते आधी पाहा. मे महिन्यात वायरमनने जोडला तेव्हा माडीचा जॅक सुरुवातीला त्यामुळेच बंद होता. आणि घरी याच फोनच्या वायरीवरून ब्रॉडबँड येत असेल तर फोन आणि इंटरनेट वेगळं करणारा स्प्लिटर पहिल्याच खोक्याजवळ लावा आणि जादा पॉइंट त्याच्या फोनच्या बाजूने काढा. आधी फाटे काढले तर प्रत्येक फोनला इंटरनेटचा आवाज गाळणारा वेगळा फिल्टर लागतो.

रोझेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी चिठ्ठी चिकटवली आहे: निळी-पांढरी माजघर, नारिंगी-पांढरी माडी, सगळे फोन ठेवलेले असताना 50 व्होल्ट, कमी दिसले तर एकेक वायर सोडवून बघा.