तुम्ही विचारलंत म्हणून : मी दुहेरीच का बघते

गेल्या काही वर्षांत सोलापुरात डिसेंबरच्या सुमारास आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची महिलांची स्पर्धा भरू लागली आहे. त्या आठवड्यात कुमठा नाक्याच्या जिल्हा क्रीडा संकुलात माझा मुक्काम बहुधा दुहेरीच्या कोर्टापाशी असतो, आणि तिथे मला हमखास एक प्रश्न विचारला जातो : "मॅडम, पलीकडे सिंगल्सची एवढी चांगली मॅच चाललीय आणि तुम्ही इथं डबल्सला काय बसलात?" माझे जुने विद्यार्थी हे विचारतात, मुलींना टेनिसच्या वर्गाला घालणारे पालक विचारतात, आणि विचारण्यात आपुलकीच असते. उभ्याउभ्या नीट उत्तर देता येत नाही, म्हणून ते सविस्तर लिहिते आहे.

एकेरीत नजर चेंडूच्या मागे जाते आणि ते योग्यच आहे, कारण तिथे जे घडते ते चेंडूपाशीच घडते. दुहेरीत मात्र ज्या खेळाडूकडे चेंडू नाही, ती काय करते यावर बहुतेक गुण ठरतात. ते बघायला मी जाते. एकेरीचे कोर्ट 27 फूट रुंद असते आणि दुहेरीचे 36 फूट, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार फुटांची पट्टी वाढते. पण खेळाडू दुप्पट होत असल्यामुळे प्रत्येकीच्या वाट्याला आलेली रुंदी उलट कमी होते. मोकळी जागा आयती मिळत नाही, ती तयार करावी लागते. ती तयार करण्याचे काम बहुतेक वेळा नेटपाशी उभी असलेली, अजून रॅकेटही न हलवलेली खेळाडू करत असते. ती एक पाऊल मध्याकडे सरकली, की रिटर्न मारणारीला, म्हणजे समोरून सर्व्हिस परतवणारीला, आपला फटका बदलावासा वाटतो, आणि ऐन वेळी बदललेला फटका पुष्कळदा नेटमध्ये किंवा बाहेर जातो. गुणफलकावर ही चूक रिटर्न मारणारीच्या नावावर लागते. ती घडवून आणली कोणी, हे फक्त बघणाऱ्याला कळते.

सर्व्हिस होण्यापूर्वीचे काही क्षण बघा. नेटपाशी उभी असलेली मुलगी प्रतिस्पर्ध्यांकडे तोंड करून असते आणि तिचा एक हात पाठीमागे, कमरेपाशी असतो. त्या हाताची मूठ मिटलेली असेल, तर साधारणपणे 'मी जागेवरच आहे' असे ती सांगत असते. पंजा उघडला, तर 'मी आडवी धावणार आहे, माझी बाजू तू सांभाळ' असे. खुणा जोडीगणिक वेगळ्या असू शकतात. मागची खेळाडू त्या हाताकडे बघते, क्वचित मान हलवून नकार देते, मग दोघी जवळ येऊन रॅकेटने तोंड झाकून दोन शब्द बोलतात आणि पुन्हा जागेवर जातात. कधी नेटवरची मुलगी कोर्टाच्या मधल्या रेषेवर इतकी खाली वाकून बसते, की सर्व्हिस तिच्या डोक्यावरून जाते आणि ती डावीकडे उठणार की उजवीकडे, हे समोरच्या जोडीला शेवटपर्यंत कळत नाही. याला आय फॉर्मेशन म्हणतात. महिलांच्या खेळात सर्व्हिसचा वेग पुरुषांपेक्षा सामान्यतः कमी असल्यामुळे रिटर्न जास्त ठामपणे येतो आणि नुसत्या सर्व्हिसवर फुकटचे गुण फारसे मिळत नाहीत. म्हणूनच या खुणांना महिला दुहेरीत विशेष वजन आहे, असे माझे मत आहे.

आपल्या सोलापूरच्या उन्हाचाच एक विषय घेते, कारण दुहेरीत किती आधीपासून विचार करावा लागतो, हे त्यातून चांगले दिसते. टेनिसची कोर्टे शक्यतो उत्तर-दक्षिण आखतात. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दुपारी तीनच्या सुमारास उत्तरेच्या टोकाकडून सर्व्हिस करणारीला ऊन समोरून, उजव्या अंगाने लागते. उजव्या हाताने खेळणारीने वर उडवलेला चेंडू नेमका त्या उन्हात जातो. डावखुरीचा टॉस डाव्या बाजूला असल्यामुळे तिला हा त्रास कमी होतो. आता नियम बघा. जोडीतल्या दोघींनी सर्व्हिसचे गेम आळीपाळीने घ्यायचे आणि विषम गेमनंतर बाजू बदलायच्या, याचा हिशेब मांडला तर टायब्रेक (6-6 अशी बरोबरी झाल्यावर सेट ठरवणारा गेम) सोडून प्रत्येक खेळाडू संपूर्ण सेटभर एकाच टोकाकडून सर्व्हिस करते, असे दिसून येते. म्हणजे जोडीत एक डावखुरी असेल, तर तिला उन्हाचे टोक देऊन दुसरीला सूर्याकडे पाठ करून सर्व्हिस करता येते, आणि क्रम प्रत्येक सेटच्या सुरुवातीला नव्याने ठरवण्याची मुभा असते. आयुष्यभर शाळेत गणित शिकवल्यामुळे असेल, पण ही रचना लक्षात आली त्या दिवसापासून सेट सुरू होताना कोणती मुलगी कोणत्या टोकाला जाते, हे मी आवर्जून बघते.

मधून येणारा चेंडू कोणाचा, हाही असाच आधी सोडवून ठेवायचा प्रश्न आहे. दोघी उजव्या हाताच्या असतील, तर डाव्या बाजूला उभी असलेली तो फोरहँडने घेते, असा सर्वसाधारण संकेत आहे. तरीही आपल्याकडच्या स्पर्धेत 'माइन', 'युअर्स', 'स्विच' हे शब्द सतत कानावर पडतात, कारण या पातळीवरच्या पुष्कळ जोड्या जुन्या नसतात. मानांकनाचे गुण जोडीला मिळत नाहीत, प्रत्येकीच्या खात्यावर स्वतंत्र जमा होतात, म्हणून मुली स्पर्धेगणिक जोडीदार बदलतात. दोन देशांच्या, एकमेकींची भाषाही जेमतेम जाणणाऱ्या मुली एका आठवड्यासाठी एकत्र येतात आणि पहिल्या सेटमध्ये दोघींच्या मधून गेलेला चेंडू दुसऱ्या सेटमध्ये जात नाही. ही समज माझ्या डोळ्यांदेखत, तासाभरात तयार होते. एकेरीत मला हे बघायला मिळत नाही.

शिवाय गुणपद्धतीच अशी आहे की उसंत मिळत नाही. आपल्याकडच्या स्पर्धेतल्या दुहेरीत 40-40, म्हणजे दोन्ही जोड्यांचे तीन-तीन गुण झाले, की ॲडव्हान्टेज नसतो, म्हणजे गेम जिंकायला दोन गुणांची आघाडी लागत नाही. एकच गुण खेळला जातो आणि सर्व्हिस कोणत्या बाजूला घ्यायची, ते रिटर्न घेणारी जोडी ठरवते. सेट एक-एक झाले की तिसरा सेट न खेळता, किमान दोन गुणांच्या फरकाने जिंकायचा 10 गुणांचा टायब्रेक होतो. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ऋतुजा भोसले आणि रोहन बोपण्णा यांनी मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकले, ते पहिला सेट 2-6 असा गमावून, दुसरा 6-3 जिंकून आणि हा टायब्रेक 10-4 असा घेऊन.

'डबल्सला काय बसलात?' या प्रश्नामागे एक समजूतही असते, की एकेरीत जमले नाही म्हणून मुली दुहेरीकडे वळतात. मार्टिना नवरातिलोव्हा एकेरीत जगात पहिली असतानाच पॅम श्रायव्हरबरोबर 1983 ते 1985 या काळात दुहेरीचे सलग 109 सामने जिंकली. सानिया मिर्झा एकेरीत 27 व्या क्रमांकापर्यंत पोहोचली होती आणि दुखापतींनंतर तिने दुहेरीवर लक्ष केंद्रित केले, हे खरे. पण त्या निर्णयातून जे उभे राहिले ते दुय्यम म्हणता येणार नाही. 2015 च्या मार्चमध्ये तिची स्वित्झर्लंडच्या मार्टिना हिंगिसशी जोडी जमली. एकत्र खेळलेल्या पहिल्या तिन्ही स्पर्धा दोघींनी जिंकल्या आणि एप्रिलमध्ये सानिया दुहेरीत जगात पहिली झाली. त्याच वर्षी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात रशियाच्या माकारोव्हा आणि व्हेस्निना यांच्याविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये 2-5 अशा पिछाडीवरून त्यांनी 7-5 असा विजय खेचून आणला. मागून सानियाचा फोरहँड आणि नेटवर हिंगिसचे हात, अशी ती वाटणी होती.

आणि आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे, तर बार्शीची प्रार्थना ठोंबरे आहेच. तिने 2014 च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सानियाबरोबर महिला दुहेरीचे कांस्यपदक मिळवले आणि 2016 साली दोघी रिओ ऑलिंपिकमध्ये खेळल्या. तिथे पहिल्याच फेरीत चीनच्या झांग शुआई आणि पेंग शुआई यांच्याकडून त्या हरल्या, पण तिसऱ्या सेटमध्ये 7-5 पर्यंत झुंजून. बार्शीची मुलगी दुहेरीच्या जोरावर ऑलिंपिकला गेली, ही गोष्ट आपल्याकडच्या प्रत्येक टेनिस शिकणाऱ्या मुलीला माहीत असावी, असे मला मनापासून वाटते.

पैशांची बाजू पालकांपासून लपवण्यात अर्थ नाही. 2024 च्या विम्बल्डनमध्ये एकेरीच्या विजेतीला 27 लाख पौंड होते आणि दुहेरीच्या विजेत्या जोडीला, दोघींत मिळून, साडेसहा लाख. खालच्या पातळीवर तर दुहेरीच्या बक्षिसातून प्रवासखर्च निघणेही अवघड असते. ही तफावत मला अन्यायाची वाटते. मुलीने दोन्ही खेळावे, लहान वयात कोणतेच सोडू नये, एवढेच मी विचारणाऱ्यांना सांगते.

तर पुढच्या स्पर्धेला अवश्य या. दुहेरीचा अंतिम सामना बहुधा एकेरीच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी असतो आणि त्या दिवशी गर्दी कमी असते. बाजूला बसू नका, बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या टोकाच्या रेषेच्या, मागे जागा धरा, कारण पाठीमागचा हात तिथूनच दिसतो. पहिले दोन-तीन गेम चेंडूकडे लक्ष जाईल, ते जाऊ द्या. मग 40-40 झाले की सर्व्हिस करणारीवरची नजर काढा आणि तिच्या जोडीदाराच्या पायांकडे बघा.