पुनर्संकलनाची नोंद ७ : अंजलीचे रडणे नेमके कोणासाठी?

‘कुछ कुछ होता है’च्या शेवटाचे काम दिवाळीपर्यंत हातावेगळे करीन, असे मी मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिले होते. दिवाळी गेली, तुळशीचेही लग्न लागले, पण अंजलीचे लग्न अजून अडलेलेच आहे. गेल्या रविवारी तर ते अशा जागी येऊन अडले की तीन महिन्यांचे काम जवळजवळ मोडीत काढावे लागणार, अशी चिन्हे आहेत.

नेहमीच्या मंडळींना हेतू ठाऊक आहेच. पडद्यावर जमते, पण प्रेक्षकाला जमू नये असे वाटते, अशा जोड्या घ्यायच्या आणि एकही नवा शॉट न चित्रित करता, मूळ चित्रपटातल्याच साहित्यातून त्या मोडून पाहायच्या. ‘कॉकटेल’मधल्या गौतम आणि मीराची जोडी मोडणे तुलनेने सोपे गेले होते, कारण मीरासाठी मागे सारलेल्या वेरोनिकाचा चेहरा पडद्यावर आला की त्या दोघांविषयीची आस्था आपोआप आटते, मला फक्त तिचे शॉट थोडे लांबवावे लागले. इथे प्रकरण वेगळे आहे. मैत्रीण ट्रॅकसूटमध्ये बास्केटबॉल खेळत होती तोवर राहुलला ती दिसलीच नाही, आणि साडी नेसून, केस वाढवून शिमल्याच्या शिबिरात भेटली तेव्हा त्याला साक्षात्कार झाला. या माणसाला अंजली मिळता कामा नये, तिने ठरलेल्या वराशी, अमनशीच लग्न करायला हवे होते, असे म्हणणारा एक मोठा पंथ १९९८ पासून घरोघरी आहे आणि मी त्याची जुनी सभासद आहे.

तेव्हा योजना अशी होती की, अमन स्वतःहून अंजलीचा हात राहुलच्या हाती देतो त्याच्या आधीच कात्री लावायची आणि लग्न अमनशीच लावून द्यायचे. अडचण होती ती अंजली झालेल्या काजोलच्या अश्रूंची. जिन्यावर राहुलची भेट झाल्यावर ती मांडवाकडे येते ती रडतच, आणि ते रडणे इतके खरे आहे की पुढे कोणताही शॉट जोडला तरी ‘या मुलीला हे लग्न नको आहे’ एवढेच दिसते. अश्रूंचे शॉट काढून टाकावेत, तर हाती जेमतेम बारा सेकंद उरतात. मी डोळे मिटलेले क्षण वापरून पाहिले, वेग कमी करून पाहिला, अमनच्या शॉटवर तिचा नुसता श्वास ठेवून पाहिला. दर वेळी नवरी पळवून आणल्यासारखी दिसली.

उपाय सापडला तो रीमा लागूंमुळे. त्या या चित्रपटात अंजलीच्या आई आहेत, हे आपण सगळेच विसरतो. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्हचा शंभर वर्षांपूर्वीचा प्रयोग आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ असतो: मोझ्झुखिन या नटाचा तोच निर्विकार चेहरा, आणि पुढे सुपाची वाटी दाखवली की तो भुकेला वाटतो, शवपेटी दाखवली की शोकाकुल. मी काजोलच्या रडण्याला लागून रीमाबाईंचा एक शॉट जोडला, जेमतेम ३८ फ्रेमचा, साडी ओळखू येऊ नये म्हणून चेहऱ्याजवळ कापलेला, आणि मग पुन्हा काजोल. ते रडणे एका क्षणात पाठवणीचे रडणे झाले! आपल्याकडे नवरीने रडणे हा लग्नाला नकार नसतो, तो जवळजवळ विधीचा भाग असतो, ही गोष्ट मला तीन महिने सुचली नव्हती. त्या रात्री मी तो दीड मिनिटाचा तुकडा किती वेळा पाहिला, हे सांगण्यासारखे नाही.

चित्र जमले आणि ध्वनीने दगा दिला. जतीन-ललित यांच्या शीर्षकगीताची धून या प्रसंगात संवादांच्या खालून वाहत राहते, आणि ती धून कानावर पडली की प्रेक्षक मुकाट्याने राहुलच्या बाजूला जाऊन बसतो. डोळ्यांनी अमनशी लग्न लावावे आणि कानांनी ते मोडावे, असा प्रकार. डीमक्स या ध्वनी सुटे करणाऱ्या संगणकीय साधनाने धून वेगळी काढायचा प्रयत्न केला. या साधनाचे कौतुक मी पूर्वी केले आहे आणि ते मागे घेत नाही, पण ते गाण्यांवर घडवलेले आहे. गायकाचा आवाज, ढोल, बास आणि उरलेले सगळे असे चार ढीग ते करते, आणि काजोलचा हुंदका त्याने निर्विकारपणे ‘उरलेले सगळे’मध्ये टाकला. शिल्लक राहिलेला संवाद पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा ऐकू येत होता. रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरमधली आवाज वेगळा करण्याची सोय थोडी बरी निघाली, मात्र ती पैसे मोजून घ्यायच्या आवृत्तीतच मिळते, आणि छंदापायी एवढा खर्च करावा की नाही, यावर आमच्या घरी दुमत आहे.

मग जुनाच धडा आठवला. डीव्हीडीवर ५.१, म्हणजे सहा वाहिन्यांचा ध्वनिपट्टा असेल, तर संवाद बहुतांशी मधल्या वाहिनीत असतात आणि वाद्यमेळ डाव्या-उजव्या वाहिन्यांत पसरलेला असतो. मी बाकीच्या पाच वाहिन्या बंद केल्या आणि धून पुरती नाहीशी झाली नाही, तरी शेजारच्या घरातल्या रेडिओइतकी लांब गेली. हुंदकाही शाबूत राहिला. पण संवाद थांबला की तिथे विहिरीसारखी शांतता पसरू लागली. त्या काळचे बहुतेक हिंदी चित्रपट स्टुडिओत डब होत. जागेवरचा ध्वनी वापरण्याची चर्चा आपल्याकडे खऱ्या अर्थाने २००१ च्या ‘लगान’नंतर सुरू झाली. त्यामुळे संवादाखाली मांडवाची कुजबुज हवी असेल तर ती बाहेरून आणणे भाग होते.

ती मी साताऱ्याला भाचीच्या लग्नात मोबाइलवर ध्वनिमुद्रित केली होती. वीस मिनिटांचा छान गलका: भांडी, पोरे, खुर्च्या सरकवल्याचे आवाज. तो दोन दिवस खपून टाइमलाइनवर बसवला, पातळी जुळवली, आणि रविवारी घरच्या मंडळींना बोलावून पहिला खेळ लावला. अंजली शर्मा आणि अमन मेहरा यांच्या उत्तर भारतीय थाटाच्या लग्नात, काजोलच्या अश्रूंवर, दुरून पण अगदी स्वच्छ आवाजात ‘सावधान’ ऐकू आले. वहिनी खुर्चीवरून पडायची बाकी होती.

तरीही मूळ दुखणे हे नव्हेच. हसणे ओसरल्यावर मी तो भाग निःशब्द करून पुन्हा दाखवला, आणि ज्यांनी इतकी वर्षे अमनची बाजू घेतली त्यांच्यापैकी एकालाही तो शेवट आवडला नाही. आई म्हणाली, “मुलगा चांगला आहे गं, पण तिची त्याची ओळख तरी किती?” मी वाद घालायला तोंड उघडले आणि मिटले, कारण तिचे बरोबर होते. चित्रपट अर्ध्याहून पुढे सरकल्यावर अमन येतो, त्याच्या वाट्याला एक गाणे आणि मोजके प्रसंग आहेत, आणि त्या बळावर सलमान खानने फिल्मफेअरचे सहायक अभिनेत्याचे पारितोषिक मिळवले असले तरी नवरा म्हणून त्याला पडद्यावर उभे राहायला वेळच मिळत नाही. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, ‘हम दिल दे चुके सनम’मध्ये भन्साळींनी नंदिनीच्या नवऱ्याला, वनराजला जवळजवळ पूर्ण उत्तरार्ध दिला, परदेशचा प्रवास दिला, आणि म्हणूनच ती प्रियकर समीरला सोडून परत फिरते तेव्हा आपण तिच्या बाजूने असतो. (दोन्हीकडे नवरी हातची जाते ती सलमानच्याच, हा योगायोग मला फार आवडतो.) आमच्या पंथाला राहुल जिंकायला नको होता, एवढेच खरे, अमन जिंकावा, असे कोणी मनापासून म्हणतच नव्हते.

या गोष्टीची किंमत हॉलिवूडला वेळोवेळी मोजावी लागली आहे. १९८६ च्या ‘प्रिटी इन पिंक’मध्ये नायिका अँडी आधीच्या शेवटात मित्राची, म्हणजे डकीची होत होती; प्रदर्शनाआधीच्या चाचणी-खेळातल्या प्रेक्षकांना ते रुचले नाही, म्हणून श्रीमंत ब्लेनबरोबरचा शेवट पुन्हा चित्रित झाला. तोवर ब्लेन झालेल्या अँड्र्यू मॅकार्थीने एका नाटकासाठी केस उतरवले होते, त्यामुळे तो शेवटच्या प्रसंगात टोप घालून प्रेम व्यक्त करतो. तो प्रसंग थांबवून पाहा. कपाळावरचे केस आणि बाकीचे डोके यांची ओळख नसल्यासारखे दिसते. नंतरच्या प्रेक्षकांनी मात्र डकीसाठी हळहळायचे ते हळहळलेच. याउलट ‘माय बेस्ट फ्रेंड्स वेडिंग’च्या पहिल्या शेवटात ज्युलिया रॉबर्ट्सच्या वाट्याला एक नवाच पुरुष आला होता, तो चाचणीत पडला, आणि तिचा मित्र, रुपर्ट एव्हरेटचा जॉर्ज परत आणून दोघांना फक्त नाचवले. तिथे लग्न नाही, प्रेमही नाही, आणि तरी मन भरते.

हे लिहिता लिहिताच योजना बदलते आहे. अंजलीचे लग्न कोणाशीच लावायचे नाही. जिन्यावरच्या भेटीनंतर मांडवात जाण्याआधी कापायचे, रीमाबाईंचा ३८ फ्रेमचा शॉट तिथे आणायचा, म्हणजे लेक आईकडे परत वळली असे वाटेल, आणि तिथून थेट कॉलेजच्या मैदानावर, जिथे ती राहुलला बास्केटबॉलमध्ये सहज हरवते. शिबिरातल्या सामन्यात ती साडीत असते आणि हरते, तो सामना मी अख्खा उडवणार आहे. तो मला पहिल्यापासून सलत होता. रंगछटा जुळवाव्या लागतील, कारण कॉलेजचे दृश्य बरेच भडक आहे.

एक खुलासा पुन्हा करते, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये ‘रांझणा’च्या तमिळ आवृत्तीचा शेवट कृत्रिम बुद्धिमत्तेने बदलून ती चित्रपटगृहांत आणली गेली, दिग्दर्शक आनंद राय आणि धनुष या दोघांनीही जाहीर नापसंती व्यक्त केली, आणि तेव्हापासून मला दर आठवड्याला कोणी ना कोणी ‘तुम्हीही तेच करता ना?’ असा प्रश्न विचारतो. माझे काम विकत घेतलेल्या डीव्हीडीवरून चालते, घराबाहेर जात नाही, आणि ‘रांझणा’च्या मेलेल्या नायकाला, कुंदनला, जिवंत करण्याचा माझा कोणताही विचार नाही. तो चित्रपट माझ्या यादीत आहे खरा, पण तिथे जोडी मूळ दिग्दर्शकानेच मोडून ठेवली आहे; मला करण्यासारखे काही उरलेले नाही.

जिना लग्नघरातच असल्याने गलक्याची गरज अजून आहे. मंगलाष्टका, बँड आणि आहेराची घोषणा यांपैकी काहीही नसलेले लग्नाचे ध्वनिमुद्रण कोणाकडे असल्यास कृपया कळवावे. दोन मिनिटांचे असले तरी चालेल.