पॉलिश केलेलं दार पावसाळ्यात का अडकतं?

“मिस्त्री, पॉलिशला एवढे पैसे घातले, तरी दार अडकायलंय कसं?” मृगाचे एक-दोन पाऊस पडले की हा प्रश्न सुरू होतो, तो पोळ्यापर्यंत चालतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. पॉलिशनं लाकडाचं फुगणं थांबत नाही, फक्त लांबतं.

आपल्या मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळीसच्या वर अन् हवा ठक्क कोरडी. जुलैत तीच हवा दमट. लाकूड ही ओल पितं आणि रुंदीत फुगतं. ओलं सागवान पार सुकेपर्यंत रुंदीत कापानुसार अडीच ते सहा टक्के आक्रसतं, लांबीत अर्धा टक्काही नाही. आणि सागवान तर त्यातलं शहाणं, कमी फुगणारं लाकूड, मग ते किनवटचं असो की बाहेरचं.

म्हणून तर पॅनेलचं दार. कडेच्या उभ्या पट्ट्या अरुंद, मधली फळी खाचेत सैल. फळी आतल्या आत फुगते, दाराच्या मापाला धक्का लागत नाही. “खडखडतंय, फेविकॉल लावून टाका” असं कुणी सांगितलं तर मी सरळ नाही म्हणतो. चिकटवली की एक तर फळी तडकते, नाहीतर सांधा उघडतो.

वास्तुशांत बहुधा अक्षय तृतीयेच्या आसपास. दार ऐन उन्हात बसतं, फट दिसली की मालकाचं तोंड वाकडं, म्हणून सुतार घट्ट बसवून मोकळा होतो. उन्हाळ्यात दोन-तीन मिलिमीटर फट हवीच. पाहुण्यांना दिसली तर दिसू द्या.

पण माझ्या मते खरी गफलत खालच्या धारेत असते. दार बिजागरीवर चढवल्यावर पॉलिशवाला येतो. पुढून-मागून आरसा करतो, खालची धार कोरीच राहते. उभ्या पट्ट्यांची टोकं नेमकी तिथंच, आणि टोकाला लाकडाच्या नळ्या उघड्या असल्यानं पाणी सगळ्यात लवकर तिथूनच शिरतं. त्यात रोज फरशी पुसायचं ओलं फडकं. दाराखाली बोट घालून बघा. खरखरीत लागलं तर ओळखा.

दिवाळीनंतर लाकूड सुकलं की दार उतरवून त्या टोकांना दुकानात मिळणारं उकळलेलं जवसाचं तेल लावा. पहिला हात बघता बघता गडप होतो. पिणं थांबेपर्यंत लावत राहा, मग वरचं पुसून घ्या, नाहीतर चिकट थर बसतो. घरातलं शेंगदाण्याचं तेल नको. ते वाळतच नाही, धूळ धरतं. चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिशही इथं कामाचं नाही, पाण्यानं पांढरं पडतं. आणि तेलाचं फडकं बोळा करून फेकू नका. वाळताना ते तापतं, आपोआप पेटूही शकतं. बाहेर पसरून वाळवा.

भर पावसाळ्यात रंधा मारायची घाई करू नका. जुलैत भरपूर छिललेल्या दाराच्या फटीतून मे महिन्यात पाल आत येते.

आणि दार फक्त कुलपाकडच्या वरच्या कोपऱ्यात घासत असेल, तर पावसाला शिव्या देऊ नका. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झालेले असतील. मला बोलवायच्या आधी पेचकस लावून बघा.