३० सप्टेंबरचा पट

आमच्या शाळेचा पट ३१. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, दोन खोल्या. हा आकडा ३० सप्टेंबरचा. संचमान्यता, म्हणजे शिक्षकांच्या पदांची मंजुरी, त्यावरच होते; यू-डायसवरही, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीतही, तोच जातो. त्या दिवशी ती ३१ लेकरं खरोखरच माझ्यासमोर बसलेली असतात, त्यात खोटं काहीच नाही. पण दसरा झाला की वाडीत आईबापांना ऊसतोडीला नेणारे ट्रक आणि ट्रॅक्टर यायला लागतात, आणि दिवाळीनंतर शाळा उघडते तेव्हा हजेरी घ्यायला मला दोन मिनिटंही लागत नाहीत.

बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली ही वाडी. जमीन मुरमाड, एकरभर-दोन एकर, पाणी पावसाचं. पावसाळ्यातच मुकादमाकडून, म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या कंत्राटदाराकडून, उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतलेली असते. तिच्यातून कुणाचं दवाखान्याचं देणं फिटलेलं असतं, कुणाच्या बहिणीचं लग्न झालेलं असतं. मग नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, आणि एप्रिलपर्यंत सांगली, कोल्हापूर नाहीतर थेट कर्नाटक. मागे राहतात म्हातारी माणसं आणि दाराला लावलेल्या बाभळीच्या काट्या. डिसेंबरात मी गृहभेटीला निघते तेव्हा सलग सात-आठ घरं तशीच बंद असतात.

लेकरांनी मागे राहावं म्हणून हंगामी वसतिगृह आहे. नाव वसतिगृह असलं तरी आमच्याकडे मुलं शाळेत दोन वेळ जेवतात आणि झोपायला आजीकडे जातात. हे चालतं ते आज्यांच्या जिवावर. एका आजीकडे चार नातवंडं आहेत. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. टँकर आला की हंडे भरायला तीच, रात्री तापलेल्या पोराच्या उशाशी बसायलाही तीच. तिच्यामुळे माझ्या पटावरची चार नावं हजेरीत टिकून आहेत. कुठल्याही रकान्यात तिची नोंद होत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मुलींचं गणित वेगळं आहे. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे फक्त ८०७ मुली होत्या, राज्यात सगळ्यांत कमी. ज्या जन्मल्या, त्यांच्यापुढेही वाट सरळ नाही. चौथीनंतरची शाळा तीन किलोमीटरवर. सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर म्हणजे कायद्याच्या अंतरातच बसतं, पण ओढा आणि निर्मनुष्य रस्ता त्या अंतरात मोजलेला नाही. पोर वयात आली की तिला आजीपाशी ठेवायला आईबापाचा जीव धजत नाही, उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, न्यायलाही भीती वाटते. मग लग्न लावून देतात. मी त्यांना रागावले आहे, समजावलं आहे, एकदा रडलेही आहे.

यंदा माझी तिसरीतली एक मुलगी आईबापासोबत ऊसतोडीला गेली. वाचन इतकं छान की पहिलीच्या लेकरांना तीच गोष्ट वाचून दाखवायची. तिच्या आईला मी तीनदा भेटले. तिसऱ्या वेळी ती ताडपत्री, पत्र्याची पेटी, पिठाचा डबा असं सगळं अंगणात बांधत होती आणि आठ महिन्यांचं बाळ मुलीच्या कडेवर होतं. आई म्हणाली, "बाई, हिला ठिवली तर तान्ह्याला कोण धरील? मोळ्या बांधू का लेकरू सांभाळू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून मी शिक्षण हमी पत्रक भरून दिलं, पुस्तकं पिशवीत घातली. मुलीनं ती पिशवी पिठाच्या डब्यावर नीट आडवी ठेवली, दाबली जाऊ नये म्हणून.

२० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करायच्या, असं २०२३ पासून पुन्हा पुन्हा कानावर येतं. आमच्या वाडीची शाळा कधी तरी त्या यादीत गेली, तर आजीकडे राहणारी ही सहा-सात वर्षांची लेकरं ओढा ओलांडून जाणार नाहीत. ती सरळ ट्रकमध्ये बसतील. म्हणून मी प्रत्येक पालकाला सांगते, दाखला काढू नका, नाव इथंच राहू द्या.

परवा त्या तिसरीतल्या मुलीच्या वडिलांचा फोन आला. टोळी आता कर्नाटकात चिकोडीच्या बाजूला हलली आहे. पत्रक जपून ठेवलंय म्हणाले, पण जवळपास मराठी शाळा कुठं आहे ते त्यांना माहीत नाही. निपाणी-चिकोडी भागातले कुणी शिक्षक हे वाचत असतील तर कृपया मला कळवा. मुलगी तिसरीत आहे. तान्ह्या भावाला सोबत घेऊन आली तरी वर्गात बसू द्याल, एवढंच बघा.