सुटलं

आमच्या गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप अप्पांनी काढला तो एकाच कामासाठी. पाणी सुटलं की कळवायचं. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही आणि येतं तेव्हा घड्याळ बघून येत नाही. पाणी सोडणारा चावीवाला कोपऱ्यावर दिसला की अप्पा लिहायचे, "सुटलं." बस्स. रात्री अडीचला आलेल्या त्या एका शब्दावर साठेक घरांत दिवे लागायचे, मोटारी घुरघुरायला लागायच्या. अप्पांची हयात यंत्रमागावर गेली. त्या खडखडाटात लांबलचक बोलून कुणाला ऐकू जाणार? तीच सवय बोटांना लागली असावी.

ॲडमिन ते एकटेच. नवा भाडेकरू आला की त्याला घेणं, सकाळची फुलं आणि सुविचार पुसणं, सगळं तेच करायचे. "अजून कुणी व्हा की रे," म्हणायचे, पण सगळे मागं सरकायचे. उद्या कुणी काहीबाही टाकलं तर पोलीस आधी ॲडमिनला उचलतात, अशी भीती. गल्लीतल्या वकीलसाहेबांनी समजावून पाहिलं की, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्येच सांगितलंय, सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही, दोघांचा तसा समान हेतू दिसावा लागतो. सगळ्यांनी अंगठे दाखवले. पुढं कुणीच आलं नाही. (मीही नाही.)

मग शेंगाचटणीवरून भांडण झालं. एकीनं घरगुती चटणीची जाहिरात टाकली, दुसरीनं भाव काढला, तिसऱ्यानं "पाण्याच्या ग्रुपवर चटणी कशाला बे?" असं विचारलं. तासाभरात शंभरेक मेसेज. अप्पांनी फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल ती सोय चालू केली आणि रागारागात ग्रुपमधून बाहेर पडले.

एकुलता एक ॲडमिन निघून गेला की व्हॉट्सॲप सदस्यांतलाच कुणीतरी आपल्या मनानं उचलून त्या जागी बसवतं. ना वय बघत, ना घर. आमच्यात त्यानं निवडला दोन वर्षांपूर्वी गल्ली सोडून पुण्याला नोकरीला गेलेला एक पोरगा. आता आख्ख्या ग्रुपवर बोलू शकणारा माणूस एकच, आणि तो अडीचशे किलोमीटर लांब.

त्याच रात्री पाणी आलं.

दारं वाजवत, हाका मारत फिरलो आम्ही. निम्मी गल्ली कोरडी राहिली. सकाळी मी त्या पोराला वेगळा मेसेज केला. "दादा, मी काय केलं?" त्याचा पहिला प्रश्न. त्यानं ग्रुप मोकळा केला आणि मला, वकीलसाहेबांना आणि चावीजवळ राहणाऱ्या अक्कांना ॲडमिन केलं. आता तू सुटलास, असं मी म्हणालो तर लिहितो, "मला काढू नका. रात्री 'सुटलं' आलं की इथं बरं वाटतं."

तिघांचं राज्य सुरू झालं. पहिल्या आठवड्यात ग्रुपचा फोटो चार वेळा बदलला: सिद्धेश्वराचं देऊळ, भुईकोट किल्ला, पुन्हा देऊळ, मग कुणाचा तरी नातू. मी जाहिरात समजून जे पुसलं ती नळदुरुस्तीची सूचना होती. आणि एका पहाटे पाणी आलं तेव्हा अक्कांना वाटलं मी लिहीन, मला वाटलं वकीलसाहेब, वकीलसाहेब कोर्टाच्या तारखेसाठी परगावी.

शेवटी मी अप्पांकडे गेलो. जानेवारी तोंडावर होता, गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची, चाहूल लागली होती. अप्पा जत्रेतल्या उंच काठ्यांवर, म्हणजे नंदीध्वजांवर, बोलत सुटले. सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं. "काठी पेलतो एकच बग. पण भोवती किती जण चालतात! सगळ्यांचं लक्ष वर, शेंड्याकडं. दमला की दुसरा आपणहून पुढं होतो, सांगावं लागत नाही." ही गोष्ट आमच्या ग्रुपला लावायचा मला फार मोह झाला, पण अप्पांनी तोवर चहात खारी बुडवली होती आणि ती तुटून तळाला गेल्याचं दुःख मोठं होतं.

त्यांना परत ग्रुपमध्ये घेतलं. ॲडमिन करू का, विचारलं तर "नगं" म्हणाले. रात्रीचं पाणी अक्कांकडे आलं, माणसं घेणं माझ्याकडे, भांडणं वकीलसाहेबांकडे. त्यांच्यानं मिटलं नाही तर पुण्याच्या पोराकडे, कारण त्याचा नळ आमच्या लायनीवर नाही.

परवा रात्री अक्कांच्या आधी अप्पांचाच मेसेज आला. "सुटलं." मिनिटाच्या आत पुण्याहून अंगठा. खाली अप्पांनी विचारलं, "तिकडं रोज येतं का बे?"

त्यानं लिहिलं, "येतं की अप्पा. पण कुणी सांगत नाही."